आईचा डावा हात

यवतमाळहून रिपोर्ट घेऊन मी घरी आलो तेव्हा आई ओसरीत बसून वायरची थैली विणत होती. समोर हिरव्या आणि पांढऱ्या प्लास्टिक वायरचे गुंडाळे, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं आणि मांडीवर थैलीचा अर्धा झालेला तळ. मी चपला काढल्या, पाणी प्यायलो, तरी ती काही बोलली नाही. हातातली गाठ पुरती ओढून झाल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"डायलिसिस करा लागते म्हणे. आठवड्यातून दोनदा."

"किती दिवस?"

याचं उत्तर मी बसमध्येच तयार करून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, "करतच राहा लागते, आई."

तिनं मान हलवली. "हात धू, चहा मांडते," म्हणाली आणि उठली. आम्ही दोघं ओसरीत बसून चहा प्यायलो. पुढच्या आठवड्यापासून तिला दिवसाचं पाणी, चहा, ताक सगळं मिळून मोजून प्यायचं होतं, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. तिनं दुसरा कप मागितला तेव्हा तो भरून दिला.

आम्ही पांढरकवड्याला राहतो, केळापूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. घरात आई, मी, माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मोठी बहीण नागपूरला दिलेली. मी जिनिंगमध्ये काट्यावर बसतो, कापसाच्या गाड्यांचं वजन करून घेतो. आईचं वय साठीच्या आतलं. बीपी बरीच वर्षं होतं, आणि गोळी ती डोकं दुखलं तरच घ्यायची. त्या बीपीनं आतल्या आत दोन्ही किडन्या संपवत आणल्या होत्या.

थैल्या हा आईचा छंद. तिनं त्याचा धंदा कधी केला नाही. आमच्या गल्लीत तिची थैली नाही असं घर नव्हतं. कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, की आई त्या घरासाठी रंग ठरवायची. "त्यायले पिवळी शोभते," म्हणायची, आणि ती कशावरून हे ठरवते ते कोणालाच कळत नसे. कोणी विकत मागितली की तिला राग यायचा. "बजारात भेटते ना, तिथं जा." वायर मात्र आदिलाबादचीच लागायची. तिकडची वायर उन्हात तडकत नाही असं तिचं म्हणणं. शाळेत असताना मी डबा तिच्या थैलीतून न्यायचो आणि शाळेच्या फाटकाशी तो काढून दप्तरात कोंबायचो. मला लाज वाटायची. तिला ते ठाऊक असावं, पण तिनं कधी विषय काढला नाही.

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे वार ठरले. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं, मोहदा, जोडमोहा करत यवतमाळला पोचायचं. दहाच्या सुमारास आई मशीनला लागायची, दोनला सुटायची. तिच्या डाव्या हाताची शीर आणि धमनी एका लहान ऑपरेशननं जोडून घेतली होती. तिथं बोट ठेवलं की आतून बारीक थरथर लागायची. त्या जागी दोन जाड सुया टोचत, एकीतून रक्त मशीनमध्ये जायचं आणि दुसरीतून साफ होऊन परत यायचं. चार तास तो हात हलवायचा नाही.

सुरुवातीचे दिवस आई छताकडं पाहत पडून राहायची. तिला रिकामं बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. टीव्ही पाहतानाही तिच्या हातात वायर असे, नाहीतर निवडायला भाजी. तिथं पडल्या पडल्या ती म्हणायची, "अजून किती वाजले?" आणि मी घड्याळ पाहून सांगितलं की डोळे मिटायची. पाच मिनिटांनी पुन्हा विचारायची.

महिनाभरानं, एका शुक्रवारी, तिनं पिशवीतून वायरचा गुंडाळा आणि सुरू केलेला तळ काढला. मी काही म्हणायच्या आत उजव्या हातानं वायर धरून दुसरं टोक दातात पकडलं. सिस्टर धावत आली. "मावशी, हात हलला तर सुई निघंल. ठेवा ते."

"हात कुठी हलवून राह्यली मी? दात हलवून राह्यली," आई म्हणाली. पण गाठ एका हातानं बसेना. दोन-तीनदा सुटली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तुहा डावा हात दे इकडं."

"मले नाही येत, आई."

"तुले फक्त धरायचं हाय. ओढीन मी."

मी स्टूल पलंगाला भिडवलं आणि वाकून बसलो. काम तसं सोपं असतं. उभ्या वायरचा फास करायचा, आडवी वायर त्यातून काढायची, आणि दोन्ही टोकं दोन दिशांना ओढायची. फास मी धरायचा, वायर ती घालायची. ओढताना माझ्याकडून ढील पडली की गाठ वाकडी बसायची. ती अंगठ्यानं चाचपून पाहायची. "ढिली हाय. सोड." पहिल्या दिवशी चार तासांत आम्ही दीड ओळ केली, त्यातली अर्धी उसवली. पलीकडच्या पलंगाजवळचे लोक बघत होते. चाळिशीला आलेला माणूस, आईच्या पोटाशी वाकून थैली विणतो आहे. माझे कान तापले होते. पण दोन वाजले तेव्हा आई म्हणाली, "झालं इतक्यात?" आणि मी लाज गिळून टाकली.

पुढं तसंच चालू झालं. विणता विणता आई बोलायची, जे घरी कधी बोलली नव्हती ते. लग्नानंतर बाबांबरोबर ती एसटीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली, तेव्हा शेजारी एक तेलुगू बोलणारी बाई होती. आईला तेलुगू येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. दोघी दुपारभर दारात बसायच्या, आणि त्या बाईनं एक शब्द न बोलता आईला थैली शिकवली. "चुकलं की हातावर चापट मारे," आई म्हणाली. "तुले मी मारत तरी नाही."

"बदली झाली तिच्या नवऱ्याची. जातानी लय रडलो आम्ही. काय म्हणत होती ते आजवर समजलं नाही मले."

पहिली थैली व्हायला सात आठवडे लागले. तिचं तोंड एका बाजूला कललेलं होतं, माझ्या बाजूला. आईनं ती रागावलेल्या सिस्टरलाच दिली. मग ती सिस्टर रोज त्यातून डबा आणू लागली.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. आईचं हृदय चांगलं आहे, वय फार नाही. घरातलं कोणी किडनी देणार असेल तर विचार करता येईल, म्हणाले. बहिणीला शुगर होती, तिचा प्रश्न मिटला. माझा रक्तगट जुळत होता. बाकीच्या तपासण्या नागपूरला कराव्या लागल्या असत्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट दोनदा पाखडलं, खडे वेगळे केले, आणि मग म्हणाली, "मी नाही म्हणणार नाही. पण तुम्ही मले हो म्हणायले लावू नका." एवढंच. त्यानंतर आम्ही दोघं तो विषय सोडून सगळं बोललो.

शुक्रवारी परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं. जोडमोहा मागं पडलं होतं, दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग. डायलिसिसनंतर ती गळून जायची, खिडकीला डोकं टेकून बसायची. मी म्हटलं, "आई, माही किडनी देतो तुले. रक्त जुळते, डॉक्टर म्हणून राह्यले."

ती बाहेरच पाहत होती. "नाही," म्हणाली. "पोरगी लहान हाय तुही."

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. कोणी मानेवरून पोतं उतरवून घ्यावं तसं. इतकं हलकं की मोहद्याला बस थांबली तेव्हा मी खाली उतरलो, गरम भजे घेतले आणि तिच्या शेजारी बसून खाल्ले. तिला मीठ वर्ज्य होतं, तिला एकही देता येत नव्हतं, हे मला शेवटचं भजं तोंडात असताना आठवलं. तिनं पदरानं माझ्या हनुवटीला लागलेलं तेल पुसलं.

घरी बायकोनं नजरेनंच विचारलं. मी म्हटलं, "नाही म्हणाली." त्या संध्याकाळी बायको आईच्या मागं बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. केस विरळ झाले होते, पाच मिनिटांचं काम होतं. ती कितीतरी वेळ लावत राहिली.

पुढच्या थंडीत शेजारच्या पलंगावर एक चाचा येऊ लागले. यवतमाळातच त्यांचं गॅरेज होतं, सगळी हयात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेली. बोटांच्या पेरांतलं काळं ऑइल आता कशानंही निघत नव्हतं. आमचं विणणं ते मन लावून पाहायचे, एखाद्या मेकॅनिकनं दुसऱ्याचं काम पाहावं तसं. एक दिवस म्हणाले, "बाई, मेरेकू भी एक बना देव. पाने-हथोडे रखने कू."

आईनं ते फार गंभीरपणे घेतलं. "पान्यायचं वजन झेपलं पाह्यजे. डबल वायर लावा लागीन. रंग कोणता?"

"काला. मैला नहीं दिखता."

"निरा काळा नाही देत मी कोणाले. लाल घालते मधात."

चाचा हसले. तळ झाला, दोन बोटं भिंत वर आली. मग एका मंगळवारी त्या पलंगावर दुसराच माणूस होता. आईनं एकदा तिकडं पाहिलं. सुया टोचून झाल्यावर पिशवीतून ती काळी-लाल थैली काढली आणि टोक माझ्याकडं केलं.

"आई, ते चाचा..."

"ठाऊक हाय. धर."

पाच आठवड्यांनी थैली पुरी झाली. पत्ता विचारत मी गॅरेजवर गेलो. मागंच घर होतं. त्यांच्या बायकोला थैली कोणी दिली, कशासाठी, ते सांगितलं. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, आतून हात फिरवला, आणि विचारलं, "आपकी अम्मी कैसी है?" मी म्हटलं, "ठीक है." आई तेव्हा ठीक नव्हती.

मशीनवर तिचं बीपी एकदम उतरू लागलं होतं. अंगावर सूज राहायची. बोटं इतकी फुगली की वायर पकडली तरी तिला ती जाणवत नसे. मग माझे दोन्ही हात चालू लागले आणि ती फक्त पाहायची. ओळ झाली की मी थैली तिच्या उशाशी न्यायचो. ती एका बोटानं गाठी चाचपायची. "ढिली हाय" म्हणणं तिनं कधीतरी बंद केलं. ते मला बरं लक्षण वाटलं नाही.

त्यात उन्हाळा आला. आमच्याकडं एप्रिलपासून भिंती गरम लागतात. तिला दिवसाला अर्धा लिटर पाणी. सकाळी बाटली भरून ठेवायचो, आणि ती दिवसभर त्या बाटलीकडं पाहून हिशोबानं घोट घ्यायची. दुपारी जीभ टाळूला चिकटायची. मग आम्ही बर्फाचा लहान खडा द्यायचो. मुलीला सांगून ठेवलं होतं, आजीसमोर पाणी प्यायचं नाही. ती न्हाणीत जाऊन प्यायची.

अशाच एका दुपारी, मशीनचा दिवस नव्हता, मी जेवायला घरी आलो होतो. कूलर चालू होता. आई पलंगावर पडलेली, मी खाली बसून थैलीचा काठ वळवत होतो. हातात काम असलं की तोंडून गोष्टी निघतात, हे मी त्या वॉर्डात शिकलो होतो. मी म्हटलं, "आई, मी तुले एकदाच विचारलं. किडनीचं. मंग पुन्हा विचारलंच नाही."

कशाबद्दल बोलतो आहे हे तिला सांगावं लागलं नाही. "बरं केलं," ती म्हणाली.

मी मान खाली घालून गाठ ओढली.

"पुन्हा विचारलं असतं तर मी हो म्हणली असती," आई म्हणाली. "मले तेच भेव होतं. घर येईपर्यंत देवाले म्हणत होती, यानं आता तोंड नको उघडायले."

मी वर पाहिलं. ती रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं तशा आवाजात ती हे सांगत होती.

"जगू तं वाटतेच ना, बाबू," ती म्हणाली. "कोणाले नाही वाटत?" थोड्या वेळानं म्हणाली, "बर्फ दे थोडा."

मी फ्रीजमधून खडा आणून तिच्या जिभेवर ठेवला. ती तो विरघळेपर्यंत डोळे मिटून होती. जिनिंगमध्ये परत गेलो आणि संध्याकाळपर्यंत दोनदा चुकीचं वजन वाचलं.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आई उठलीच नाही. जागी होती. म्हणाली, "आज राहू दे."

"असं कसं चालीन, आई? शुक्रवारपर्यंत अंगात पाणी भरते."

"भरू दे."

मी पुन्हा म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. बायको दारात उभी होती. शेवटी आई उठून बसली. "तू म्हणतो म्हणून," म्हणाली. बस तिला झेपणार नव्हती, मी गाडी केली. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. सोयाबीन कमरेइतकं आलं होतं, आभाळ भरलेलं. तिनं काच खाली करायला सांगितली आणि वारा तोंडावर घेतला.

मशीन लावल्यावर तासाभरात बीपी उतरलं, आणि या वेळी वर आलं नाही. तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. बहीण संध्याकाळपर्यंत नागपूरहून पोचली. आई तिला ओळखून हसली, "जेवली का?" विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती गेली. बहीण चहा आणायला खाली गेली होती. मी एकटाच होतो. तिचा डावा हात माझ्या हातात होता, कारण उजव्या हाताला सलाईन होतं.

तेरवीला गल्लीतल्या बाया आल्या. भाजीपाला, पत्रावळी, साखर, जिनं तिनं काही ना काही आणलं. बहीण त्यानंतर आठ दिवस राहिली. आईची लुगडी, चश्मा, गोळ्यांचे डबे आवरले. उरलेल्या वायरचे गुंडाळे तिनं मला विचारून शेजारच्या एका सुनेला दिले, तिला शिकायचं होतं. मी अडवलं नाही.

आई बसमध्ये नाही म्हणाली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. बहीण लोकांना अभिमानानं सांगायची, "लेकाची किडनी नाही घेतली तिनं." लोक माना हलवायचे. उन्हाळ्यातल्या त्या दुपारी ती काय म्हणाली हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी मला जाग यायची, अंथरुणातच कपडे घालायचा विचार सुरू व्हायचा, आणि मग आठवायचं. दिवसा कामात ठीक असायचो. भजे मात्र मी त्यानंतर खाल्लेले नाहीत.

दिवाळी झाली, कापूस सुरू झाला. एका रविवारी बायको स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसून सोलू लागलो. अर्धी टोपली झाल्यावर मी तिला सांगितलं. पुन्हा विचारलं असतं तर आई हो म्हणणार होती, हे. तिला जगायचं होतं, हे.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "तुम्ही ज्या दिवशी विचारायले जाणार होते ना, मी देवाजवळ दिवा लावला होता. आईनं नाही म्हणावं म्हणून." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मंग दीड वर्ष त्यायची सेवा केली मी. लोक म्हणे, काय सून हाय. मले आतून कसं होत होतं ते मलेच ठाऊक."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला. ओसरीत मुलगी मोठ्यानं पाढे म्हणत होती, सोळाचा पाढा, दरवेळी एकाच ठिकाणी अडकत होती. बायकोनं डोळे पुसले आणि तिथूनच तिला पुढचा आकडा सांगितला. मग आम्ही उरलेल्या शेंगा सोलल्या.